हरकतवाल्यांची मोजणी

आमच्या ओळखीची सुरुवातच त्यांनी माझ्यावर संशय घेऊन केली. मी सह्यांचा कागद घेऊन त्यांच्या दारात उभी होते. साखळी न काढता दार चार बोटं उघडलं, फटीतून एक हात बाहेर आला, कागद घेऊन आत गेला आणि दार लागलं. पाच मिनिटांनी पुन्हा फट पडली.

"यात लिहिलंय की तुम्ही समस्त रहिवाशांच्या वतीने आलात. कशावरून?"

मी शाळेत जन्म काढलेली बाई. प्रश्न विचारायची मला सवय, उत्तरं द्यायची नाही. "अहो, मी समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहते. तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीत तुळस आहे ना, ते घर माझं."

"तुळस रोज दिसते," ते म्हणाले. "तुम्ही दिसल्याचं आठवत नाही."

सही मिळाली नाहीच. दुसऱ्या दिवशी माझ्या लेटरबॉक्समध्ये त्यांची लेखी हरकत पडली होती. आठ मुद्दे, सुवाच्य अक्षर, आणि शेवटच्या ओळीनंतर उरलेल्या कोऱ्या जागेवर एक तिरकी रेघ, म्हणजे नंतर कुणी काही घुसडायला नको.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि त्या नोकरीत सख्खे भाऊ एका बांधासाठी एकमेकांचे गळे धरताना त्यांनी इतक्या वेळा पाहिले की माणसावरचा विश्वास त्यांनी नोकरीतच जमा करून टाकला असावा. "हद्दीचा दगड चालतो, बाई," ते मला पुढे एकदा म्हणाले. "रातोरात चार फूट चालतो. मी चाललेले पाहिलेत." आमच्या भागात, म्हणजे अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्यांना त्यांच्या नावाने कुणी ओळखत नसे. सगळे हरकतवाले म्हणत. त्यांच्या सोसायटीच्या सभेत इतिवृत्त वाचून झालं की अध्यक्ष आपणहून त्यांच्याकडे वळत आणि विचारत, "बोला, काय हरकत आहे?" हरकत नाही असं एकदाही झालं नाही.

शर्टाच्या खिशात पेन असतं तिथे त्यांच्याकडे पोलादी टेप असे. छत्रीच्या दांड्यावर ब्लेडने इंचांच्या खुणा केलेल्या. पडद्याचं कापड, दाराची फळी, बिल्डिंगसमोर खणलेला खड्डा, जे दिसेल ते मोजायचं. डॉक्टरांनी साखर नॉर्मल आहे म्हटलं की हे विचारणार, कशावरून? डॉक्टर रिपोर्ट दाखवणार. मग हे विचारणार, हे रक्त माझंच होतं कशावरून? डॉक्टरांनीच मला हे सांगितलं, तेही हात जोडून.

त्यांच्या पत्नी मात्र हसऱ्या आणि मोकळ्या. मी एकदा त्यांना विचारलं की इतकी वर्षं तुम्ही कसं निभावलंत? त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या लग्नात सप्तपदी झाल्यावर हे भटजींना म्हणाले, सहाच झाली. सगळा मांडव खोळंबला. शेवटी भटजींनी कंटाळून एक जास्तीचं घ्यायला लावलं. माझी आठ झाली की सात, तेव्हापासून मी मोजायचंच सोडलं."

आता त्या सह्यांच्या कागदाबद्दल सांगायला हवं.

आमच्या बिल्डिंगच्या बाजूला, गॅलरीतून दिसेल अशी, एक जुनी दफनभूमी होती. होती म्हणजे अजूनही आहे. एका टोकाला गोसाव्यांच्या तीन समाध्या, मधोमध उंडीचं एक म्हातारं झाड, दोन चाफे, आणि बाकी सगळी घाणेरी आणि काटे. तिथे दफन बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. भिंतीवरून लोक कचरा टाकत, दुपारी गर्दुल्ले बसत. आमचं म्हणणं एवढंच की समाध्या नीट कराव्यात, झाडं लावावीत, दोन बाक टाकावेत आणि लोकांना फिरायला चार हिरवी पावलं मिळावीत. नाना-नानी पार्कांना जिथे जागा उरली नाही तिथे ही जागा आयती होती. आम्ही दहा-बारा जणांनी गट केला. पराग नावाचा एक तरुण आर्किटेक्ट फुकट नकाशे काढायला तयार झाला. वॉर्ड ऑफिसातून परवानगीही मिळाली.

हरकतवाल्यांचा पहिला मुद्दा होता: भिंत दुरुस्त करताना ती आत सरकवून शेजारच्या टॉवरला पार्किंग देण्याचा डाव आहे. दुसरा: बाक हे बसण्यासाठी आहेत की पुढे स्टॉल टाकण्यासाठी? पाचवा मुद्दा मला तोंडपाठ आहे. 'सदर गटाच्या सचिव बाई निवृत्त असून इतका वेळ विनामोबदला का देतात, याचा खुलासा व्हावा.'

मला राग आला, आणि रागापाठोपाठ संशय. माणूस एवढा जीव तोडून बागेला विरोध करतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. बाग झाली नाही तर फायदा कुणाचा? टॉवरवाल्या बिल्डरचा. मग यांना कुणी बसवलंय?

त्यातच एकदा सकाळी तुळशीला पाणी घालताना मला ते खाली दिसले. दफनभूमीत, काट्यांत गुडघाभर उभे. हातात टेप, एका काखेत छत्री, दुसऱ्या काखेत वही. वाकायचे, मोजायचे, लिहायचे, इकडेतिकडे बघायचे. त्यांनी वर पाहिलं तशी मी तुळशीमागे लपले. स्वतःच्या घरात स्वतःच्या तुळशीमागे लपणारी मुख्याध्यापिका मीच असेन. पुढे अकरा दिवस ते येत राहिले आणि मी लपत राहिले. संशय सर्दीसारखा असतो, आजारी माणसाच्या जवळ उभं राहिलं की आपल्यालाही होतोच.

गटाच्या सभेत मी सांगून टाकलं, "ते कुणासाठी तरी जागेची मोजणी करतायत."

पराग म्हणाला, "बाई, सॉलिड पॉइंट आहे. नाहीतर रोज मरायला कोण जातंय तिकडे?"

ठराव झाला नाही, पण समज पक्का झाला. त्यानंतर आमच्यापैकी कुणी त्यांच्याशी बोलेना. त्यांना त्याचं काही वाटलं नसावं. लोक आपल्याविरुद्ध एक झालेत हे त्यांनी आधीपासूनच धरलेलं होतं.

मग श्रमदानाचा रविवार आला. साठेक माणसं जमली होती. काटे आदल्या दोन दिवसांत मजुरांनी मशीनने काढले होते आणि जमीन पहिल्यांदाच उघडी दिसत होती. सगळीकडे दगड. काळे, गोटे-गोटे, काही नारळाएवढे तर काही पाटीएवढे, मातीत अर्धवट रुतलेले. परागला ते बघून आनंद झाला. "झकास! फुलांच्या वाफ्यांना किनार होईल." मुलींनी एका बादलीत चुना कालवला, दुसरीत गेरू. पोरांनी दगड उपटायचे, मुलींनी रंगवायचे आणि वाफ्यांच्या कडेने एक पांढरा एक तांबडा असे मांडायचे. मी मधे उभी राहून 'रांग सरळ घ्या रे' म्हणत होते. शाळेच्या मैदानावर सव्वीस जानेवारीला आम्ही असंच करायचो.

हरकतवाले फाटकातून आत आले ते जवळजवळ धावतच. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा! दगड हलवू नका. एकही हलवू नका!"

सगळे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

"का?" मी विचारलं.

"हे समुद्रातले गोटे आहेत. इथल्या जमिनीत असा दगड निघत नाही. जमिनीवर जे आपणहून आलेलं नसतं ते कुणीतरी ठेवलेलं असतं, बाई. आणि ठेवलंय म्हणजे ते कुणाचं तरी आहे."

आणि मी, चारचौघांत, त्यांच्याच सुरात म्हणाले, "कशावरून?"

साठ माणसं हसली. कुणीतरी टाळी दिली. पोरं पुन्हा दगड उपटायला लागली. हरकतवाल्यांनी वही उघडली, मिटली, आणि उंडीखाली जाऊन छत्रीवर हात टेकून उभे राहिले, संध्याकाळपर्यंत. आमच्या फराळातला वडापावही त्यांनी घेतला नाही. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याची गोष्ट मी किती वर्गांना शिकवली असेल. पण शेवटी लांडगा खरोखर आला होता, हे मात्र मी कधी ठासून सांगितलं नव्हतं.

हिराबाई वेसाव्याची कोळीण. वीस वर्षं ती आमच्या बिल्डिंगमध्ये मासळी घेऊन येते. सोमवारी ती आली तेव्हा मी मोठ्या कौतुकाने तिला म्हणाले, "चल, आमची बाग दाखवते." पाटी डोक्यावरून उतरवून फाटकाशी ठेवली आणि ती माझ्यामागून आत आली. चार पावलं आली आणि थांबली. मग पांढऱ्या-तांबड्या रांगेच्या कडेने, एकेका दगडाकडे वाकून बघत चालू लागली. मला वाटलं, तिला आवडलं.

एका दगडापाशी ती बसली. त्या दगडाला आरपार भोक होतं. आम्ही तो मुद्दाम कोपऱ्यावर लावला होता, शोभेचा म्हणून. हिराबाईने पाटीतला कोयता आणला आणि दगडावरचा चुना खरवडायला लागली.

"अगं, काय करतेस?"

"बाय, हा आमच्या जाल्याचा धोंडा," ती म्हणाली. तिचा हात थांबत नव्हता. "याच्या भोकान दोरी जाते. माझ्या मालकान ठेवलेला. माझ्या पोराच्या उशाला."

मग तिने सांगितलं, दगडाकडे बघतच. पहिला मुलगा. आठ दिवसांचा. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. कोळीवाड्यातली अशी सगळी बाळं इथेच येत. पुरल्यावर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बापाने बंदरावरचा एक दगड आणून ठेवायचा. नाव नाही, तारीख नाही, दगड हीच खूण. बायकांनी यायचं नाही. हिराबाई तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर होती.

"मालक बोल्ला, समुद्राकडच्या कोपऱ्यान ठेवलाय, जाल्याचा धोंडा हाय, चुकायची नाय तू. मना आत यायला चाळीस वरसं धीर नाय झाला. काटं पन होतं. भायेरनंच हात जोडायची. तुमी काटं काडलं तवा वाटलं, आता जाईन." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आता कुठं हात जोडू, बाय?"

आमच्या घराण्यातही तान्ही मुलं गेलेली आहेत. माझ्या आजीची दोन. ती कुठे पुरली हे मला ठाऊक नाही, कारण मी कधी विचारलं नाही आणि त्या गोष्टी कुणी बोलत नसे. समाधी म्हणजे चौथरा, चौथरा म्हणजे माणूस, एवढंच आम्हाला कळत होतं. साठ शिकलेल्या माणसांनी मिळून साठ-सत्तर बाळांच्या खुणा उपटल्या आणि त्यांना गेरू फासला. मला त्या वेळी जी शरम वाटली ती अजून उतरलेली नाही.

मी हरकतवाल्यांच्या दारात गेले. साखळीची फट. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही ते सगळं मोजलंयत ना?"

फटीतून नुसता एक डोळा दिसत होता. मग साखळी निघाली. मी त्यांच्या घरात पहिल्यांदा गेले ती त्या दिवशी.

वही टेबलावर आली. त्यांनी मोजणी केली होती ती आमच्यावरच्या संशयापोटी, आम्ही हद्द सरकवू म्हणून. पण सवयीने त्यांनी जमिनीवरचं सगळंच मोजलं होतं. प्रत्येक दगडाला क्रमांक, उंडीपासूनचं अंतर, भिंतीपासूनचं अंतर, दगडाचं छोटं चित्र, आणि शेवटचा रकाना, 'आधार'. त्यात प्रत्येक ठिकाणी लिहिलेलं, 'समक्ष पाहिले'. काही रकाने रिकामे असतील तर त्यावर पट्टीने रेघ.

"कशाला लिहिता आधार?" मी विचारलं.

"उद्या कुणी विचारलं कशावरून, तर?" ते म्हणाले. मला वाटलं, टोमणा असेल. पण ते साधंच बोलत होते.

नऊ दिवस आम्ही दगड परत ठेवले. पोरं-पोरी, पराग, सगळे आले. रंग घासून काढायला काथ्या आणि खोबरेल लागलं. हरकतवाले उंडीखाली खुर्ची टाकून बसत, वहीतून आकडे सांगत, पराग टेप धरी. "चार इंच डावीकडे. तुमची डावी नव्हे, माझी." कोळीवाड्यातून म्हाताऱ्या बायका येऊ लागल्या, आधी फाटकापर्यंत, मग आत. परागने नकाशा फाडून नवा काढला. त्यात फिरायची वाट दगडांना वळसे घालत जाते, एकही सरळ रेघ नाही. वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरने विचारलं, एवढी वाकडी वाट का? पराग म्हणाला, सर, चालून बघा.

भोकाचा धोंडा शेवटी राहिला. हिराबाई त्या दिवशी नवं लुगडं नेसून आली होती. हरकतवाले स्वतः उठले. समुद्राकडच्या कोपऱ्यात भिंतीपासून टेप लावला, खुंटी ठोकली, पुन्हा मोजलं, खुंटी चार इंच सरकवली. वहीत पाहिलं. परागने धोंडा ठेवला.

हिराबाई म्हणाली, "साहेब, हितंच ना? नक्की?"

मी त्यांच्याकडे पाहत होते. या माणसाने आयुष्यात कशाला नक्की म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. रक्त आपलंच आहे याची ज्यांना खात्री नव्हती, ते म्हणाले, "नक्की."

हिराबाई खाली बसली, धोंड्यावर हात ठेवला आणि मग आडवीच झाली, गाल दगडाला लावून. आम्ही सगळे बाजूला झालो. हरकतवाले छत्री उघडून पाठमोरे उभे होते. ऊन फारसं नव्हतं.

त्यानंतर आमच्यात मैत्री झाली असं म्हणायला हरकत आहे. त्यांनी बागेच्या बाकांवर हरकत घेतलीच, उंची दीड इंच कमी भरली म्हणून. माझ्या हातचा चहा ते पीत, पण कप आधी आतून पुसून. गेल्या वर्षीच्या आदल्या वर्षी ते गेले. झोपेतच. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर आले, म्हणाले गेले. माझ्या तोंडावर आलं होतं हो, कशावरून?" आणि हसता हसता त्या रडायला लागल्या.

तेराव्यानंतर त्यांनी मला एक पुडकं दिलं. प्लास्टिकची पिशवी, तीन रबरबँड, आणि वर चिठ्ठी. 'फक्त समोरच्या तिसऱ्या मजल्यावरील बाईंना द्यावे. उघडण्यापूर्वी रबरे तीनच आहेत याची खात्री करावी.' मी मोजली. तीनच होती. आत ती वही.

मी समुद्राकडच्या कोपऱ्याचं पान शोधलं. त्यावर मोजणीच्या वेळच्या फक्त दोन ओळी होत्या. 'दाट काटे. आत शिरता आले नाही. मोजणी बाकी.' पुढे चित्र नाही, आकडा नाही, क्रमांक नाही, रकान्यांवर नुसत्या रेघा. तो कोपरा त्यांनी कधी मोजलाच नव्हता. मजुरांनी काटे काढले, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दगड उपटले. त्या दिवशी वहीत बघून त्यांनी खुंटी ठोकली तेव्हा समोर हे रिकामं पान होतं. धोंडा खरा, कोपरा खरा, बाकी जागा त्यांनी मनाने काढली आणि आम्हाला खरं वाटावं म्हणून ती चार इंच सरकवलीसुद्धा.

खाली त्याच दिवशीची नोंद होती. 'भोकाचा धोंडा. भिंतीपासून पाच फूट चार इंच. आज ठेवला.' आणि पुढे आधाराचा रकाना. तो कोरा होता. सगळ्या वहीत तेवढा एकच कोरा चौकोन असा होता, ज्यावर त्यांनी रेघ मारलेली नव्हती.

खोटं लिहायला त्यांचा हात धजला नाही आणि खरं लिहून हिराबाईचं पोर पुन्हा हरवायलाही धजला नाही. म्हणून जागा तशीच सोडली, आणि वही माझ्याकडे पाठवली. ज्या बाईने चारचौघांत कशावरून विचारलं होतं, तिच्याकडे.

अमावस्येला हिराबाई बागेत येते. आता वय झालंय, पाटी सुनेकडे दिलीय. परवा मी तिच्यासोबत कोपऱ्यात बसले होते. वही पिशवीत होती. ती तिला दिसली.

"साहेबांची ना ही? यान माझ्या पोराचं हाय?"

"आहे."

"काय लिवलंय?"

मी पान उघडलं आणि वाचून दाखवलं, "भोकाचा धोंडा. भिंतीपासून पाच फूट चार इंच."

"आनि?"

"समक्ष पाहिले," मी म्हणाले.

हिराबाईने मान हलवली, धोंड्यावर पाणी घातलं आणि उदबत्ती भोकात खोचली. घरी आल्यावर मी टेबलाच्या खणातून पट्टी काढली आणि त्या कोऱ्या रकान्यावर एक तिरकी रेघ मारली.